भूगर्भशास्त्राची पदवी : कोणी घ्यावी व का घ्यावी

शैक्षणिक वर्षाची अखेर जवळ येऊ लागली म्हणजे वरच्या वर्गांत व घरोघरी एकच विषय निघतो, तो म्हणजे पुढे काय शिकावे हा होय. मुलांपेक्षाही पालकांस याची चिंता अधिक असते, व ती असणे स्वाभाविक आहे. कारण शिक्षणास लागणारा पैसा कांद्याच्या किंवा उसाच्या पिकातून, अथवा कारखान्यातील पाळ्या करून, मोठ्या कष्टाने उभा राहिलेला असतो, आणि तो एकदा भलत्या वाटेस लागला म्हणजे परत येत नाही. पैशाहूनही मोलाची गोष्ट म्हणजे मुलाच्या आयुष्यातील चार-पाच वर्षे; ती तर कोणत्याही बाजारात पुन्हा विकत मिळत नाहीत.

या प्रश्नाचे उत्तर आमच्या भागात बहुधा ठरलेले असते. गुण उत्तम पडले तर वैद्यकी, नाहीतर अभियांत्रिकी. तेही न जमल्यास औषधनिर्माणशास्त्र अथवा आय.टी.आय. रांजणगावची औद्योगिक वसाहत कारेगावच्या शेजारीच असल्यामुळे, कारखान्यात उपयोगी पडेल ते शिक्षण बरे, असे लोकांस वाटते, व त्यात गैर काही नाही. परंतु शास्त्रशाखेत एक विषय असा आहे की, ज्याचे नाव आमच्या बहुतेक घरांत कधी निघतच नाही. वास्तविक ज्या जमिनीवर आपण उभे राहतो, ज्या विहिरीचे पाणी पितो व ज्या दगडाने घराचा पाया भरतो, त्यांचाच तो विषय आहे. त्यास भूगर्भशास्त्र, अथवा अलीकडे भूविज्ञान, असे म्हणतात. हा विषय कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये, त्यास किती वर्षे लागतात व शेवटी हाती काय येते, हे विद्यार्थ्यांस व पालकांस स्पष्टपणे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भूगर्भशास्त्र म्हणजे रंगीबेरंगी दगड गोळा करून त्यांस नावे देणे, अशी पुष्कळांची समजूत असते. दगडांची नावे पाठ करावी लागतात, हे खरे. पण ती या शास्त्राची केवळ मुळाक्षरे होत. भूगोल आपणांस नदी कोठून कोठे जाते ते सांगतो. भूगर्भशास्त्र ती तेथूनच का गेली, तिने वाटेत काय कापले, काय साठविले व या घडामोडीस किती काळ लागला, हे विचारते. त्याकरिता त्यास रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र व गणित या चौघांचेही साहाय्य घ्यावे लागते.

याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळच आहे. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी व पलीकडच्या तीरावरील पारनेर तालुक्यातील निघोज यांच्या दरम्यान कुकडी नदीच्या पात्रात जे प्रसिद्ध रांजणखळगे आहेत, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. काळ्याभोर कातळात जणू कोणी रांजण कोरून ठेवावेत, असे ते दिसतात. ते कोणा कारागिराने कोरले नाहीत. पुराच्या पाण्याबरोबर वाहत आलेले गोटे कातळातील लहानशा खाचेत अडकतात. भोवऱ्याबरोबर ते तेथेच गरगर फिरतात. दगडाने दगड घासला जातो व खाच खोल होत जाते. एका पावसाळ्यात जे घडते ते डोळ्यांस दिसतही नाही. परंतु हजारो पावसाळे तेच काम चालू राहिले म्हणजे त्याचा रांजण होतो. अल्प कारण व दीर्घ काळ यांची सांगड घालावयास शिकणे, हा भूगर्भशास्त्राचा पहिला धडा होय.

आता तो कातळ मुळात कोठून आला, ते पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीस मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला व सपाट पसरून थिजला. असे एकामागून एक पुष्कळ थर साचले. त्यांस दख्खनचे ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे, व सह्याद्रीचे डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळेच. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे, व पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. या खडकाचे नाव बसाल्ट. कारेगाव, शिरूर, दौंड ही सर्व गावे याच थिजलेल्या लाव्ह्यावर वसलेली आहेत.

ही माहिती केवळ नवलाची नव्हे, तर पोटापाण्याची आहे. आपण एखाद्या जुन्या विहिरीच्या आतील बाजूकडे नीट लक्ष देऊन पाहिले, तर वरती काळी माती, तिच्याखाली कोठे चुनखडीचे खडे, मग मुरूम, त्याखाली भेगा पडलेला खडक व त्याहीखाली घट्ट काळा पाषाण, असा क्रम बहुधा दिसतो. काही ठिकाणी दोन पाषाणांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा असतो. एक लाव्हाथर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात पहिल्या थराचा वरचा भाग ऊनपावसाने कुजून जी माती झाली, तीच हा तांबडा पट्टा होय. थिजताना लाव्ह्यातील वायू वर येतो, म्हणून प्रत्येक थराचा माथा पोकळ्यांनी भरलेला व मधला भाग घट्ट असतो. पोकळ्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेल्या ज्या खडकास पुष्कळ ठिकाणी मांजऱ्या म्हणतात, तो हाच.

बसाल्टचा घट्ट भाग स्वतः पाणी धरीत नाही. पाणी राहते ते कुजलेल्या मुरमात, खडकाच्या सांध्यांत व दोन थरांच्या मधल्या जागेत. त्यामुळे एका शेतात विहिरीस चांगले पाणी व बांधापलीकडे कोरडा खडखडाट, हा जो अनुभव आमच्या शेतकऱ्यांस नेहमी येतो, त्यात दैवाचा दोष नसून सांध्यांचा प्रश्न असतो. पाण्याने भरलेला सांधा एका शेताखालून गेला व दुसऱ्याखालून गेला नाही, एवढेच त्याचे कारण होय.

आणि येथेच आमच्या लोकांचे मोठे नुकसान होते. आपला भाग पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात विहीर आटली म्हणजे शेतकरी बोअर घेतो. जागा दाखविण्यास पाणाड्यास बोलावितात. तो हातावर नारळ धरून अथवा झाडाची बेचकी फांदी घेऊन शेतभर फिरतो व एका ठिकाणी खूण करतो. दोनशे फुटांवर पाणी न लागल्यास तीनशे, तीनशेवर न लागल्यास चारशे, असे करीत कर्ज खोल जाते, पाणी मात्र वर येत नाही. मग शेजारीच दुसरा बोअर. पाणाड्याचा अंदाज कधी खरा ठरतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ओढ्याकाठच्या कुजलेल्या खडकात कोठेही खणले तरी थोडेफार पाणी लागण्याचा संभव असतोच, व अनुभवी पाणाड्या झाडोरा व उतार पाहूनच बहुधा जागा निवडतो. नारळाचा त्यात संबंध नाही. जे यश मिळते ते निरीक्षणाचे. आणि निरीक्षणच करावयाचे, तर ते शास्त्रशुद्ध का करू नये?

शास्त्रशुद्ध रीत अशी. भूजलवैज्ञानिक प्रथम भोवतालच्या विहिरींतील थर व पाण्याची पातळी पाहतो, नकाशावर ओढे व डोंगरउतार तपासतो, आणि मग जमिनीत ओळीने चार सळया रोवून बाहेरच्या दोन सळयांतून विजेचा प्रवाह सोडतो व आतील दोन सळयांमधील विद्युतदाब मोजतो. ओला कुजलेला खडक वीज सहज जाऊ देतो. कोरडा घट्ट पाषाण अडवितो. सळयांतील अंतर वाढवीत गेले म्हणजे प्रवाह अधिकाधिक खोल जातो व खालच्या थरांचा अंदाज बांधता येतो. हा अंदाजच होय, हमी नव्हे. आणि प्रामाणिक भूवैज्ञानिक तसे स्पष्ट सांगतो. परंतु "येथे बोअर घेऊ नका" असे वेळेवर सांगणारा मनुष्य शेतकऱ्याचे जेवढे भले करतो, तेवढे "येथे घ्या" असे सांगणारा नेहमीच करीत नाही.

भूजलाचे ज्ञान गावाच्या जीवनात उतरले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असल्यास नगरजवळचे हिवरे बाजार पाहावे. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथील ग्रामस्थांनी पाणी अडविले व जिरविले, शेतीकरिता बोअर न घेण्याचा नियम स्वतःवर घालून घेतला, आणि दरवर्षी किती पाऊस पडला व जमिनीत किती मुरला याचा जमाखर्च मांडून मग पिके ठरविण्याची रीत पाडली. जमाखर्च मांडावयाचा तर मोजणारा हवा. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्र शासनाने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली. तिचे मुख्य कार्यालय पुण्यास आहे. गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी नोंदविणे, पाण्याच्या जागा शोधणे व भूजलाचा हिशेब ठेवणे हे तिचे काम. आणि ते करणारे लोक हे बहुतांशी भूगर्भशास्त्राचेच पदवीधर होत.

पाण्याखेरीज आणखी एक गोष्ट या शास्त्राच्या कक्षेत येते, ती म्हणजे मनुष्याच्या जीविताची सुरक्षितता. आपल्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीने डोंगर खचून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेस भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त होऊन सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. दख्खनचे पठार हे स्थिर, तेथे मोठा भूकंप व्हावयाचा नाही, असा जो जुना समज होता, तो या दोन घटनांनी पार बदलून टाकला. पुढे कोयनेच्या परिसरात खडकाचा अभ्यास करण्यासाठी तीन किलोमीटर खोल विवर घेण्यात आले, व कऱ्हाड येथे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा उभी राहिली. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याची विद्या आजही कोणापाशी नाही. परंतु कोणत्या उतारावर घर बांधू नये, कोणत्या जमिनीवर कसे बांधावे व धरणाचा पाया कोठे घालावा, हे सांगता येते, आणि हे सांगणे न ऐकल्याने माणसे मरतात. पुण्यात भूमिगत मेट्रोचे बोगदे याच बसाल्टातून काढले गेले. अशा प्रत्येक कामात खडक आधी तपासावा लागतो.

कोणी म्हणेल की, हे सर्व उपयोगाचे झाले. पण विषयात गोडी आहे काय? गोडी तर रस्त्याच्या कडेस पडलेली आहे. पुणे-नगर रस्त्यावरील वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइट नावाचे गर्द निळे खनिज सापडते. ते प्रथम अमेरिकेतील ओरेगन राज्यात आढळले. परंतु त्याचे जगातील उत्कृष्ट नमुने वाघोलीचे मानले जातात. ज्या दगडाची आपण खडी करून रस्त्यावर टाकतो, त्याच्या पोकळीतील हे रत्न परदेशांतील संग्रहालयांत काचेच्या पेटीत विराजमान झालेले असते. अशा गारगोट्यांचे सुंदर संग्रहालय सिन्नर येथे आहे. सहलीस जाणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

तसेच जुन्नर तालुक्यातील बोरी येथे, कुकडीच्याच काठी, नदीच्या गाळात पांढुरक्या ज्वालामुखी राखेचा थर आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. शरद राजगुरू आदी संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात तो प्रकाशात आणला. ही राख आपल्या ट्रॅपची नव्हे. ती हजारो मैलांवरील सुमात्रा बेटातील तोबा ज्वालामुखीतून वाऱ्याने आलेली, असे मानतात. तेथेच आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. आता ही राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या तोबाच्या महास्फोटाची, की त्याहून लाखो वर्षे जुन्या एखाद्या स्फोटाची, यावर विद्वानांत मोठा वाद झाला. कारण राखेचे वय ठरले म्हणजे या खोऱ्यात मनुष्य केव्हापासून वावरत होता, याचाही अंदाज बांधता येतो. आपल्या शिवाराजवळच्या नदीकाठची मूठभर राख जगभरच्या शास्त्रज्ञांस वादास प्रवृत्त करते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या विद्येचा व आमच्यासारख्या शाळांचा संबंधही जुना आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले व तेथे त्यांनी शाळा चालविली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने आहे. शाळेचे काम सांभाळून ते व त्यांचे सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे आसपासच्या टेकड्या व ओढे धुंडाळीत. नागपूरनजीकच्या टाकळी येथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांस गोड्या पाण्यातील शिंपले व वनस्पतींचे अवशेष सापडले. म्हणजे एक थर थिजून दुसरा येईपर्यंत तेथे तळी होती, झाडे होती, जीव होते! हे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले, व आजही दख्खनच्या अभ्यासात त्यांचे नाव घेतात. हिस्लॉपाइट हे खनिज त्यांच्या नावाचे आहे. १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून त्यांचा अंत झाला. मोठी प्रयोगशाळा त्यांच्यापाशी नव्हती; पाय, डोळे, हातोडी व नोंदवही एवढ्यावरच त्यांनी आरंभ केला.

आता शिक्षणक्रमाकडे वळू. बारावी शास्त्रशाखा उत्तीर्ण झाल्यावर बी.एस्सी. ला भूगर्भशास्त्र घेता येते. पुण्यात फर्ग्युसन व नौरोसजी वाडिया या महाविद्यालयांत, व मुंबईस सेंट झेवियर्स महाविद्यालयात हा विषय शिकवितात. तीन वर्षांनी पदवी मिळते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष पुरे केल्यास ऑनर्सची पदवी मिळते. त्यानंतर एम.एस्सी. करावयाची. त्याकरिता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ व नागपूर विद्यापीठ यांचे स्वतंत्र विभाग आहेत, मुंबईच्या आय.आय.टी. तही उपयोजित भूगर्भशास्त्राची एम.एस्सी. आहे, व तेथे प्रवेश जॅम नावाच्या परीक्षेने होतो. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा क्रम घ्यावयाचा असल्यास पुण्याच्या आयसर संस्थेत पृथ्वी व हवामानशास्त्राचा विभाग आहे, आणि जे.ई.ई. ची कठीण परीक्षा उत्तम रीतीने पार पाडणाऱ्यांस खरगपूर, रुरकी व धनबाद येथील आय.आय.टी. ची वाट मोकळी आहे. धनबादची संस्था १९२६ पासून खाणशास्त्राकरिता प्रसिद्ध आहे. अकरावी-बारावीत गणित सोडू नये, असा आमचा आग्रह आहे. कारण भूभौतिकीकडे, म्हणजे भूकंप, विद्युतमापन इत्यादींकडे, वळावयाचे झाल्यास गणितावाचून चालत नाही.

आता जे सांगणे पालकांस कदाचित रुचणार नाही, परंतु सांगितलेच पाहिजे, ते सांगतो. केवळ बी.एस्सी. वर या विषयात चांगली नोकरी मिळणे कठीण आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ मध्ये स्थापन झाली. तिचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरास आहे. तेथील व केंद्रीय भूजल मंडळातील वरिष्ठ पदांसाठी संघ लोकसेवा आयोग दरवर्षी संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा घेतो, आणि त्या परीक्षेस बसण्यास पदव्युत्तर पदवीच लागते. राज्यातील भूजल यंत्रणा व नागपूरचे भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय यांतील पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. जागा थोड्या व उमेदवार पुष्कळ, अशी स्थिती असते. खनिज तेल, कोळसा व मँगनीज यांच्या सरकारी कंपन्या, अणुखनिज संचालनालय, धरणे व बोगदे बांधणाऱ्या कंपन्या, खासगी भूजल सर्वेक्षण आणि अध्यापन व संशोधन, या इतर वाटा होत. परंतु मनुष्याने पाच वर्षांचा हिशेब धरूनच या वाटेस लागावे. तीन वर्षांनी घरी पगार आलाच पाहिजे अशी ज्या घरची निकड आहे, त्या घराने हा विषय निवडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

उलट पक्षी दोन गोष्टी जमेच्या आहेत. अनुदानित महाविद्यालयातील शास्त्रपदवीचा खर्च खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मानाने पुष्कळ कमी असतो; कोरड्या गेलेल्या दोन-तीन बोअरांस जेवढा पैसा लागतो, तेवढ्यात प्रसंगी शुल्क भागून जाते. दुसरी गोष्ट अशी की, या विषयास विद्यार्थी थोडे असल्यामुळे शिक्षकांचे लक्ष प्रत्येकाकडे पोचते, व जो खरोखरच अभ्यास करतो तो गर्दीत हरवत नाही.

हा विषय कोणास मानवतो? ज्यास चालण्याचा कंटाळा नाही, त्यास. या शिक्षणाचा मोठा भाग वर्गाबाहेर होतो. हातोडी, होकायंत्र, भिंग, नकाशा व नोंदवही घेऊन उन्हातान्हात डोंगर चढावे लागतात. थर कोणत्या दिशेस व किती कोनाने कलले आहेत ते मोजून नकाशावर मांडावे लागते. परत आल्यावर दगडाचा काप घासून घासून मिलिमीटरच्या तीन शतांश भागाइतका पातळ करावयाचा, म्हणजे काळा दगडही काचेसारखा पारदर्शक होतो व सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील स्फटिक नाना रंगांनी चमकू लागतात. ज्याचा हात चित्र काढण्यास वळतो, जो नोंद खाडाखोड न करता ठेवतो, "असे का?" हा प्रश्न ज्यास स्वस्थ बसू देत नाही आणि उत्तर लवकर न मिळाले तरी जो चिडत नाही, त्याने हा विषय खुशाल घ्यावा. परंतु अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला नाही, म्हणून रिकामी जागा पाहून जो येतो, त्याने येऊ नये. असा विद्यार्थी दोन वर्षे दगडांस शिव्या देतो व तिसऱ्या वर्षी नशिबास.

मुलींच्या पालकांस दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. "डोंगरदऱ्या फिरण्याचे काम मुलीस कसे जमेल?" अशी शंका पुष्कळ घरांत निघते. नागपुरास जन्मलेल्या व पुणे विद्यापीठातून पदवी घेतलेल्या डॉ. अदिती पंत या समुद्रवैज्ञानिक, व भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, या दोघी १९८३ मध्ये निघालेल्या तुकडीबरोबर अंटार्क्टिकावर गेल्या. त्या हिमखंडावर संशोधनार्थ जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला त्याच. बर्फाच्या वाळवंटात ज्यांस अडचण आली नाही, त्यांच्या भगिनींस शिरूरच्या माळावर ती का यावी? क्षेत्रकार्याच्या वेळी शिक्षक बरोबर असतात, विद्यार्थी गटाने राहतात. मुक्कामाची व्यवस्था काय आहे, हे महाविद्यालयास विचारण्याचा पालकांस पूर्ण अधिकार आहे. तो त्यांनी अवश्य बजवावा, व उत्तर समाधानकारक मिळाल्यास मुलीच्या आवडीच्या आड येऊ नये.

आणखी एक गोष्ट. हे शास्त्र शिकलेल्या मनुष्यावर एक जबाबदारी येते. नदीच्या पात्रातील वाळू ही घर बांधण्याची सामग्री आहे, तशीच ती पाणी धरून ठेवणारी ठेवही आहे; घोड व भीमेच्या पात्रांतून ती बेसुमार उपसली म्हणजे काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते. जो हे जाणतो, त्याने ते सांगितले पाहिजे. ऐकणारे रागावले तरी सांगितले पाहिजे. खाणीचा अहवाल असो, बोअरची जागा असो वा डोंगराचा उतार असो, भूवैज्ञानिकाच्या सहीवर लोकांचा पैसा व कधी जीव अवलंबून असतो. म्हणून बुद्धीबरोबर सचोटी असलेल्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे वळावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

विद्यार्थ्यांनो, आज लगेच निर्णय करण्याची घाई नको; पण परीक्षा घेण्याचा एक सोपा उपाय सांगतो. येत्या सुटीत आपल्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीच्या काठी, वडिलधाऱ्या माणसास बरोबर घेऊन, अर्धा तास उभे राहा. वरपासून खालपर्यंत किती थर दिसतात, त्यांचे रंग कोणते, भेगा कोठे आहेत, पाझर कोणत्या थरातून येतो, हे एका कागदावर काढा व प्रत्येक थराची जाडी हातांत मोजून लिहा. ती विहीर खोदणारे कोणी वृद्ध गावात असतील तर त्यांस भेटून थरांची गावरान नावे विचारा व तीही कागदावर मांडा. मग दुसऱ्या विहिरीचे तसेच चित्र काढून दोन्ही शेजारी ठेवा. हे काम करताना अर्धा तास केव्हा गेला ते कळले नाही, व दोन चित्रांत फरक का पडला हा प्रश्न रात्री अंथरुणावरही मनात घोळत राहिला, तर तो कागद घेऊन शाळेत या व आईवडिलांसही बरोबर आणा. पुढचे बोलणे आपण त्या कागदावरून करू.